हिरनच्या वळणावरची कोरी जागा

पाडव्याचं जेवण झालं, विडे झाले, आणि हेमचंद्रानं बैठकीच्या भिंतीवरचा नकाशा फ्रेमसकट उतरवून सतरंजीवर ठेवला. दाराशी उभ्या असलेल्या सुनेत्राचं काळीज तेव्हा सुपाएवढं झालं होतं. आज नवऱ्याचं कौतुक व्हायचं होतं, आणि तेही भय्यासाहेबांसमोर. असा दिवस चेरीतालच्या त्या घरात काही रोज उगवत नव्हता.

भय्यासाहेब म्हणजे हेमचंद्राचे काका. शहरातच ओमतीला वकिली, अंगात रेशमी कोट, आणि बोलण्यात असा तोरा की पानाला चुना मागितला तरी समोरच्याला समन्स निघाल्यासारखं वाटावं. हेमचंद्राला दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत चिकटवलं ते त्यांच्याच शब्दावर, आणि ही गोष्ट दर सणाला पुरणासोबत वाढली जायची. यंदा साखर मिळत नव्हती म्हणून पुरण गुळाचं झालं होतं. उपकारांच्या आठवणीला मात्र लढाईचा काही फटका बसला नव्हता.

बातमी मोठी होती. लढाईमुळे फॅक्टरी तिन्ही पाळ्यांत धडधडून राहिली होती आणि दारूगोळा भरायला लाकडी पेट्या कितीही केल्या तरी पुरत नव्हत्या. म्हणून कुंडमच्या जंगलात लाकूड कापायचा मोठा कँप पडणार होता. हिरन नदीच्या काठी लाकूड चिरायचे आरे बसणार, मजुरांच्या झोपड्या होणार, बायकापोरांसकट तीनचारशे माणूस पावसाळाभर तिथं राहणार. जागा कुठली घ्यावी यावर साहेबलोक डोकं खाजवत असताना ड्रॉइंग ऑफिसातला हेमचंद्र उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या घरी या भागाचा नकाशा आहे, छापील, पण मोजणी माझ्या वडिलांच्या हातची. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रेसिंग करून नेलं. साहेबाला जागा अशी पसंत पडली की हेड ड्राफ्ट्समनची खुर्ची त्याच्याच नावावर झाल्यातच जमा होती. खुर्चीबरोबर फॅक्टरीच्या वसाहतीतलं क्वार्टर मिळणार होतं.

त्या क्वार्टरसाठी सुनेत्रा काय वाट्टेल ते करायला तयार होती. कुणी तिला नावं ठेवू नयेत. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आत्याबाईंच्या चुलीवर स्वयंपाक करत होती. आत्याबाई म्हणजे अण्णांची विधवा बहीण भानुमती. मनानं वाईट नव्हती, पण मिठाचा डबासुद्धा तिला विचारून उघडावा लागे. सुनेत्रा मागच्या महिन्यात गुपचूप जाऊन ती रिकामी क्वार्टरं बाहेरून पाहून आली होती. दोन खोल्या, मागं अंगण, नळ दारात. चूल कुठं, पाटावरवंटा कुठं, सगळं तिनं मनात लावून टाकलं होतं.

"तर ही पाहा जागा," हेमचंद्र म्हणाला, आणि काचेवर बोट टेकवून त्यानं ते खिरवा गावाजवळचं हिरनचं वळण दाखवलं. नदी तिथं गोल वळसा घेते, आणि त्या वळशाच्या पोटात चांगली ऐसपैस सपाट जमीन. तिकडं अशा नदीकाठच्या जमिनीला कछार म्हणतात. नकाशावर ती कोरी होती. उंचीची एक रेष नाही, नाला नाही, खडक नाही.

भय्यासाहेब खूश झाले. अण्णांचा नकाशा एकदाचा कामी आला म्हणाले. नाहीतर आजवर त्यानं फक्त भिंतीचा उडालेला चुना झाकला होता.

अण्णा आरामखुर्चीत बसले होते. नीलकंठराव हे त्यांचं खरं नाव, पण ते आता फक्त त्या नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत उरलं होतं. सर्व्हे खात्यात त्यांनी उभा जन्म काढला. दसरा झाला की मोजणीचं प्लेनटेबल, तंबू आणि सामान वाहणारे खलाशी घेऊन जंगलात, आणि उन्हं तापली की परत. पावसाळाभर कचेरीत बसून शाईनं रेघा पक्क्या करायच्या. कुंडमकडचा तो सगळा मुलूख त्यांनी पायांनी मोजलेला होता. ते उठले, सतरंजीवर वाकले, आणि मुलाचं बोट जिथं होतं तिथं बघत राहिले.

"इथं नको," ते म्हणाले.

हेमचंद्राला वाटलं, अण्णांना नीट दिसलं नाही. त्यानं नकाशा उजेडाकडे सरकवला. अण्णा पुन्हा तेच म्हणाले. तिथं पाणी येतं. दरवर्षी नाही, पण येतं तेव्हा अख्ख्या वळणावर येतं.

मग बापलेकांत जे सुरू झालं ते सुनेत्रा दाराशी उभी राहून ऐकत होती. हेमचंद्र विचारत होता, येतं तर नकाशात काहून नाही? अण्णा सांगत होते की ते तिथं माघात होते. नदीला गुडघाभर पाणी, आणि कछारात हरभरा उभा. समोर जे दिसलं ते काढायचं, हेच काम होतं. पण काठावर कोहाची झाडं होती, आणि त्यांच्या बेचक्यांत गवताचे पेंढे अडकलेले होते, माणसाच्या डोक्याच्याही वर. पुरानं नेऊन अडकवलेले. ते अण्णांनी डोळ्यांनी पाहिले होते. झाडात अडकलेल्या गवताला नकाशात खूण नसते.

आता यात एक गोम होती, आणि ती बापलेकांच्या धंद्यातच होती. हेमचंद्राच्या कचेरीत कागद पहिला. कागदावर जसं काढलं तसं लोखंड कापलं जातं. नाही कापलं गेलं तर लोखंड भंगारात जातं, कागद नाही. कागदावर जिथं रेष नाही तिथं काहीच नाही, हे तो इतकी वर्षं मानत आला होता आणि त्याचं कधी चुकलंही नव्हतं. अण्णांच्या कामात नदी पहिली होती. कागद बिचारा तिच्या मागून, तोही फक्त हिवाळ्यातल्या नदीच्या मागून गेलेला. दोघं एकाच नकाशावर वाकले होते आणि दोघं दोन निरनिराळ्या वस्तूंकडे बघत होते.

"तुम्हाला आठवून राहिलं ते हेच वळण, कशावरून?" हेमचंद्रानं शेवटी विचारलं. "अशी दहा वळणं आहेत तिकडं."

 अण्णांनी काचेवरून हात फिरवला. बोट एकदा वळणावर गेलं, मग वरच्या दुसऱ्या वळणावर, मग परत आलं. ते हलणारं बोट सगळ्यांनी पाहिलं.

आत्याबाईनं सुस्कारा टाकला. अण्णाचं आजकाल असंच होतं, ती हळू आवाजात भय्यासाहेबांना म्हणाली, परवा मला विचारत होता, मोठी आई जेवली का, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली. भय्यासाहेबांना एवढं पुरलं. ते म्हणाले की म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा तो ठेवावा, पण सरकारी छापील नकाशा एकीकडे आणि चाळीस वर्षांपूर्वीचं गवत एकीकडे. शिवाय साहेबाला जागा पसंत आहे, बांबू येऊन पडलेत. चलो, हा विषय संपला. हेमचंद्रानंही मान हलवली, पण वडिलांकडे न बघता.

सुनेत्राला सासऱ्यांचा राग आला. अगदी खरा राग आला. या माणसानं तिला लेकीसारखं वागवलं होतं, आत्याबाईच्या तोंडापासून किती वेळा वाचवलं होतं, पण त्या घटकेला तिला वाटलं, आज एक दिवस गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? आपला जन्म काय या स्वयंपाकघरात आत्याबाईची परवानगी मागण्यातच जायचा आहे?

पुरुषमंडळी ओसरीवर गेली. हेमचंद्र जाता जाता तिला म्हणाला, नकाशा लावून ठेव. अण्णा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून, समोर बघत. तिनं त्यांना पाणी विचारलं. त्यांनी नको म्हटलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यानं तिला उलट जास्त वाईट वाटलं.

ती नकाशा उचलायला वाकली आणि तिची नजर सवयीनं तिथंच गेली जिथं गेले कितीतरी दिवस जात होती, म्हणजे घरं कुठं आहेत तिकडं. नकाशा वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण भिंतीवर रोज फडकं मारताना अण्णांनी कधीमधी दाखवलं होतं, हे काळे ठिपके म्हणजे घरं, ही टिकली म्हणजे विहीर, ही लाल रेघ म्हणजे गाडीवाट. तिनं खिरव्याचे ठिपके शोधले. ते नदीपाशी नव्हते. चांगले लांब, वर टेकाडावर होते, उंचीच्या दाट रेघांच्याही पलीकडे. विहीरही तिथंच. मारुतीचं देऊळही तिथंच. खाली ती एवढी सपाट, नदीला खेटून असलेली जागा, आणि तिथं एक ठिपका नाही. गुरांचा गोठासुद्धा नाही.

सुनेत्रा तिथंच मांडी घालून बसली.

मी असते तर कुठं घर बांधलं असतं, हा विचार तिच्या मनात आला. नदीपाशी. डोळे मिटून नदीपाशी. उन्हाळ्यात विहीर आटली की कोणती बाई रोज नदीची घागर डोक्यावर घेऊन टेकाड चढेल? खिरव्यातल्या बायका चढत होत्या. त्यांच्या सासवा चढल्या, त्यांच्या सासवांच्या सासवा चढल्या, आणि एवढ्या पिढ्यांत एकीलाही नवऱ्याला सांगता आलं नाही की अहो, खाली चांगली जागा आहे, तिथं दोन भिंती घाला. असं होत नसतं.

तिला कळलं, आणि कळल्यावर तिला भीती वाटली. खोलीत तिच्याशिवाय फक्त अण्णा होते. खिळा समोर होता. नकाशा खिळ्याला अडकवून आत जायचं आणि पातेली घासायला घ्यायची, एवढंच करायचं होतं. कुणी तिला काही विचारलं नव्हतं, आणि सुनेला या घरात कुणी विचारतही नसे. क्वार्टरचं अंगण तिच्या डोळ्यांसमोर आलं. 

मग तिनं पदर खोचला, फ्रेम उचलली आणि ओसरीवर भय्यासाहेबांच्या पायांशी नेऊन ठेवली.

"या खालच्या जागेत एकही घर काहून नाही?" ती नवऱ्याला म्हणाली.

भय्यासाहेबांच्या समोर सून बोलली, याचाच आधी गहजब झाला. आत्याबाई पाठोपाठ आली आणि तिच्या दंडाला धरून आत ओढू लागली. सुनेत्रानं दंड सोडवला नाही आणि जागाही सोडली नाही. जे मनात आलं होतं ते तिनं सगळं सांगितलं, ठिपक्यांचं, विहिरीचं, घागरीचं. 

भय्यासाहेब हसले. वकील माणूस, उत्तर तयार होतं. जंगलातले लोक ते, म्हणाले, वाघाला भिऊन वर राहत असतील. यात काय एवढं?

 वाघाचं सुनेत्राला काय ठाऊक? पण हेमचंद्र नकाशावर वाकला होता. त्याच्या कपाळाला आठी होती, ती कचेरीत मापं जुळेनाशी झाली की पडते तशी.

"काका, जंगल तर वर आहे," तो म्हणाला. त्यानं बोटानं दाखवलं. टेकाडाला लागून सगळं हिरवं, घरांना अगदी चिकटलेलं. खाली कछारात झाड नाही. वाघाची भीती असती तर गाव खाली असतं.

 गाडीवाट कशी नदीकडे न वळता लांबून टेकाडावरून जाते, ते त्यानं पाहिलं. गावाची स्मशानाची खूणसुद्धा कशी वरच्या अंगाला आहे, ते पाहिलं. इतकी वर्षं भिंतीवर असलेला नकाशा तो आज पहिल्यांदा वाचत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

भय्यासाहेबांचं हसू गेलं. त्यांनी आवाज खाली आणला, आणि ते आवाज खाली आणत तेव्हा जास्त जपावं लागे. ते म्हणाले की समज, येत असेल पाणी, दहावीस वर्षांतून एकदा. यंदाच कशावरून येईल? आणि आता साहेबाला काय सांगणार, मी चुकलो? लढाईच्या दिवसांत, माल अडकलेला असताना? हेड ड्राफ्ट्समन राहू दे, आहे ती नोकरी जाईल. आणि नाक माझं कापलं जाईल, कारण शब्द मी टाकला होता. आत्याबाई आता कुणाच्या बाजूची ते तिचं तिलाच कळेना. ती भय्यासाहेबांना होकार भरत होती आणि डोळे मात्र आत, अण्णांच्या खुर्चीकडे.

हेमचंद्रानं बायकोकडे पाहिलं. क्वार्टर तिला किती हवंय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तीच आता नको म्हणेल, राहू द्या म्हणेल, असं त्याला वाटलं असावं. कदाचित तशी आशाही असावी.

"मला क्वार्टर पाहिजे," सुनेत्रा म्हणाली. "आजही पाहिजे. पण तिकडं त्या बाया पोरांना घेऊन खाली निजणार आणि मी इकडं पक्क्या भिंतीत पाऊस ऐकत राहणार, हे माझ्यानं होणार नाही. तुम्ही उद्या साहेबाला सांगा."

भय्यासाहेब उठले, टोपी घातली आणि विडा न घेता निघून गेले. त्यांना दारापर्यंत पोचवायला कुणी गेलं नाही. आत्याबाई जाणार होती. दोन पावलं गेली, मग वळली आणि आत जाऊन अण्णांसाठी चहाचं आधण ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्र गेला. फॅक्टरीचा सकाळचा भोंगा झाला तेव्हापासून सुनेत्राचं कशात लक्ष नव्हतं. भात लागला, आणि आत्याबाई काही बोलली नाही, यावरूनच घरातली हवा समजावी. पाळी सुटायच्या आधीच हेमचंद्र सायकल हातात धरून, चालत आला. त्यानं सायकल भिंतीला लावली, पाय धुतले आणि अण्णांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. लहानपणानंतर तो तिथं कधी बसला नव्हता.

साहेबानं आधी फार तमाशा केला, त्यानं सांगितलं. ही जागा कुणी शोधली, हे चारचौघांत विचारलं. मी शोधली. मग चूक कुणाची? माझी. साहेबाला या उत्तराची सवय नसावी, कारण तो जरा थांबला. मग त्यानं नकाशा मागितला, स्वतः पाहिला, कुंडमला कुणालातरी तार केली आणि दुपारी पुन्हा बोलावलं. खिरव्याचा कछार पुरात बुडतो, असं तिकडून उत्तर आलं होतं. कँप टेकाडावर जाणार. हेड ड्राफ्ट्समनची जागा दुसऱ्याला गेली.

"आणि नोकरी?" आत्याबाईनं विचारलं.

नोकरी राहिली. पण साहेबानं सांगितलं की ज्यानं कागदावर माणसं खाली बसवली होती त्यानंच ती वर नेऊन बसवायची. झोपड्या वर बांधून होईपर्यंत आणि नंतर पावसाळा संपेपर्यंत हेमचंद्रानं तिथंच राहायचं. आठवड्याभरात निघायचं. ना क्वार्टर, ना बंगला. सगळ्यांना देतात तसा बांबू आणि गवत मिळेल, त्यात स्वतःची झोपडी बांध.

बोलून झाल्यावर तो जमिनीकडे बघत राहिला. वडिलांची माफी मागायला तो आला होता हे सुनेत्राला दिसत होतं, आणि ते शब्द त्याच्या तोंडून फुटणार नाहीत हेही दिसत होतं. आत्याबाई म्हणायला लागली की सहा महिने जंगलात, एकटा, खाण्यापिण्याचं काय, भय्याला सांगून रद्द करवून घेऊ, त्याचा राग काय आज आहे उद्या नाही.

"एकटे काहून?" सुनेत्रा म्हणाली. "मी सोबत जाऊन राहिली ना."

 हेमचंद्रानं मान वर केली. तिथं वाघ आहेत, जळवा आहेत, हिवतापानं माणसं पटापट पडतात, दवाखाना कुंडमला, आणि पावसात वाट बंद, असं तो भराभर सांगू लागला. सुनेत्रानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तीनचारशे लोक जातात तिथं आणखी एक बाई जाईल. तिला भीती वाटत होती आणि तिचा निश्चय झाला होता, दोन्ही एकदम. चूल बांधायला मात्र माझी मी जागा ठरवीन, एवढंच ती म्हणाली, आणि हे आत्याबाईकडे बघून म्हणाली. आत्याबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग ती उठली, आतून पितळेचं मोठं पातेलं घेऊन आली, जे ती कुणाला हात लावू देत नसे, आणि ते सुनेत्रापुढे ठेवलं.

सुनेत्रानं भिंतीवरून नकाशा उतरवला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"अण्णा," ती म्हणाली, "घर कुठं बांधू?"

अण्णांनी काचेवर बोट टेकवलं. ते नदीवरून वर सरकलं, रेघांवरून हळूहळू चढत गेलं, खिरव्याच्या ठिपक्यांपाशी थांबलं, जरा डावीकडे झालं आणि तिथं स्थिर झालं.

"इथं," ते म्हणाले. "खाली खडक आहे. घोट्याएवढं पाणीही साचत नाही. मी इथं तंबू ठोकला होता."

सुनेत्रा हेमचंद्राकडे वळली.

"दार कोणत्या अंगाला ठेवायचं," ती म्हणाली, "तेही त्यांना आत्ताच विचारून घ्या."

हेमचंद्र गुडघ्यांवर पुढं सरकला, वडिलांच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि विचारलं.